खाणीभोवतालच्या पाण्याची मोजदाद

भिलाईचे नाव उच्चारताच श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे अग्नी उभा राहतो. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्‍घाटन झाले, आणि दुर्ग जिल्ह्यातील शेतांनी व तळ्यांनी वेढलेला हा प्रदेश भारताच्या औद्योगिक नकाशावर ठळकपणे आला. दल्ली-राजहऱ्याच्या डोंगरांतील लोहखनिज आणि नंदिनीचा चुनखडक ही या कारखान्याला जवळच लाभलेली संपत्ती. परंतु ज्या दोन वस्तूंवाचून भट्टी एक दिवसही चालावयाची नाही, त्या कोळसा व पाणी या होत. पाणी आले ते मुख्यतः तांदुळा जलाशयातून. शेतीच्या सिंचनासाठी १९२१ साली पूर्ण झालेल्या या धरणाकडे पुढे पोलादाचीही तहान भागविण्याचे काम आले. कोळसा मात्र दुर्ग जिल्ह्याच्या भूमीत नाही. कोक करण्याजोगा कोळसा झरिया-बोकारोच्या बाजूने आला, आणि आज त्यात परदेशातील कोळशाचीही भर पडते. छत्तीसगडातील विजेच्या निर्मितीचा मोठा भार वाहणारा कोळसा निघतो तो कोरब्याच्या खोऱ्यात, भिलाईपासून लोहमार्गाने दोनशे किलोमीटरांहून अधिक अंतरावर.

त्यामुळे भिलाईच्या नागरिकास कोळशाच्या वाघिणी दिसतात. खाण दिसत नाही. आणि खाणीशेजारच्या गावातील विहीर तर मुळीच दिसत नाही. वास्तविक भिलाईजवळून वाहणारी शिवनाथ आणि कोरब्याजवळून वाहणारी हसदेव या दोन्ही महानदीच्याच उपनद्या. पाण्याच्या दृष्टीने पाहिले तर भट्टी आणि खाण ही एकाच कुटुंबातील दोन घरे आहेत. एका घरात पेटणाऱ्या चुलीसाठी दुसऱ्या घरातील विहिरीचे काय होते, याची चौकशी करणे हे म्हणूनच परक्याच्या घरात डोकावणे ठरत नाही.

कोळसा आणि पाणी यांची सोबत फार जुनी आहे. पंचवीस कोटी वर्षांहूनही अधिक काळापूर्वी दलदलीच्या प्रदेशात वनस्पती कुजल्या, गाळाखाली दबल्या आणि त्यांचा कोळसा झाला. त्या गाळाचे जे खडक बनले त्यांत वालुकाश्म मोठ्या प्रमाणावर आहे. झरियात, कोरब्यात आणि आपल्या चंद्रपूरकडील वर्धा खोऱ्यात कोळसा ज्या खडकसमूहात सापडतो त्याला एकच नाव आहे : बराकर. वर्धा खोऱ्यात त्याच्यावर अनेक ठिकाणी आणखी एका वालुकाश्माचे आवरण असते. नागपूरजवळच्या कामठी गावावरून त्याला कामठी असे नाव मिळाले आहे, आणि पाणी साठविण्याच्या बाबतीत तो मोठा उदार खडक समजला जातो. सारांश, कोळशाच्या थराच्या वर, खाली आणि आजूबाजूला पाणी धरून ठेवणारा खडक असतो. कोळसा काढावयाचा म्हणजे या पाण्याच्या घरातूनच वाट काढावयाची.

हे पाणी साधारणतः दोन मजल्यांवर राहते. वरच्या मजल्यावर, झिजलेल्या व भुसभुशीत खडकात, पावसाने भरणारे आणि उन्हाळ्यात ओसरणारे पाणी असते. खेड्यातील बांधीव विहिरी याच मजल्यावर उतरलेल्या असतात. खालच्या मजल्यावर, वालुकाश्माच्या खोल थरांत, चिकणमातीच्या दगडाच्या पापुद्र्यांखाली दाबलेले पाणी असते. भूमिगत खाण प्रथम या खालच्या मजल्यास हात घालते. खाणीत झिरपणारे पाणी हौदात गोळा करून पंपाने वर उपसून टाकावे लागते, कारण त्यावाचून कामगार तेथे उभाही राहू शकणार नाही. उपसा सुरू झाला की खाणीभोवतालच्या खडकातील पाण्याची पातळी उलट्या शंकूच्या आकाराने खाली जाते. हा शंकू किती दूर पसरेल हे खडकाची सच्छिद्रता, त्यातील भेगा, खाणीची खोली आणि उपशाचे मान यांवर अवलंबून असते.

दोन मजल्यांमधील तक्तपोशी जोवर शाबूत असते, तोवर वरच्या विहिरीला खालच्या उपशाची झळ फारशी लागत नाही. परंतु भूमिगत खाणीत कोळशाचे जे खांब छताला आधार म्हणून ठेवलेले असतात, तेही पुढे काढून घेण्याची रीत आहे. खांब काढले की छत कोसळते; त्यावरचे खडक वाकतात, फाटतात, आणि कधी जमीनही खचते. मग शेतात भेगा दिसू लागतात. या भेगांतून नाल्याचे व विहिरीचे पाणी खाली उतरण्यास वाट सापडते. काढलेल्या कोळशाची जागा वाळूने भरून काढली तर हा धोका बराच कमी होतो, पण वाळू लागते, पाणी लागते आणि पैसाही लागतो.

येथे एक विलक्षण विरोध दृष्टीस पडतो. जमिनीवरच्या शेतकऱ्यास भय असते ते पाणी नाहीसे होण्याचे. जमिनीखालच्या कामगारास भय असते ते पाणी अकस्मात येण्याचे. एकाच पाण्याची ही दोन भये आहेत. अनेकदा तर एकाच घरातील थोरला भाऊ खाणीत उतरतो आणि धाकटा शेतावर राहतो. खाणीभोवतालच्या पाण्याची नियमित मोजदाद ही या दोघांचीही राखण करणारी व्यवस्था आहे, आणि म्हणून तिचे स्वरूप सर्वसामान्य नागरिकाने समजून घेणे अगत्याचे आहे.

या मोजदादीची सुरुवात होते विहिरींच्या गणतीपासून. खाणीच्या परिसरातील प्रत्येक विहिरीचे स्थान, खोली, बांधणी आणि उपयोग यांची नोंद करावयाची. कठड्यावर एक कायमची खूण करावयाची, आणि दर वेळी त्याच खुणेपासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजावयाचे. कठड्याची उंची त्यातून वजा केली की जमिनीपासून पाणी किती खोल आहे ते कळते. साधन तसे साधेच : पोलादी फितीच्या टोकाला खडू फासावा, फीत पाण्यात सोडावी, आणि खडू जेथवर भिजला असेल ते पाहावे. पाण्याला स्पर्श होताच आवाज करणाऱ्या विजेच्या फिती आणि आपोआप नोंद करणारी यंत्रेही आता आली आहेत. परंतु यंत्र कोणतेही असो, खूण बदलली किंवा नुकताच उपसा झालेल्या विहिरीत फीत सोडली, तर आकडा खोटाच बोलणार.

विहीर वरच्या मजल्याची बातमी देते. खालच्या मजल्याची बातमी आणण्यासाठी खास निरीक्षण-विंधनविहिरी घ्याव्या लागतात. त्यांची नळी इच्छित थरापुरतीच सच्छिद्र ठेवून वरचा भाग बंद करतात, म्हणजे दोन थरांच्या पाण्याची सरमिसळ होत नाही. देशातील भूजलाची पातळी केंद्रीय भूजल मंडळ वर्षातून चार वेळा पाहते : मे, ऑगस्ट, नोव्हेंबर आणि जानेवारी. पर्यावरणविषयक परवानगी देताना कोळशाच्या खाणींवरही साधारणपणे याच चार वेळांचे बंधन घातले जाते. या महिन्यांमागे शेतकऱ्याच्याच अनुभवाचा आधार आहे. मे महिन्यात विहीर तळ गाठते, ऑगस्टात भरू लागते, नोव्हेंबरात पावसाचा शिल्लक ताळेबंद दाखवते आणि जानेवारीत रब्बीच्या उपशाचा परिणाम सांगते.

पातळीबरोबर पावसाची नोंदही हवी, नाहीतर विहिरीचा आकडा अर्धवट राहतो. खाणीतून किती पाणी उपसले जाते तेही कळले पाहिजे. त्यासाठी उपशाच्या पाटात इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच असलेला पत्रा बसवितात आणि खाचेतून वाहणाऱ्या पाण्याची उंची मोजतात. काटकोनी खाचेत ही उंची १० सेंटिमीटर असेल तर सेकंदाला सुमारे साडेचार लिटर पाणी जाते. उंची २० सेंटिमीटर झाली तर सुमारे २५ लिटर. उंची दुप्पट झाली तर प्रवाह जवळजवळ साडेपाच पट होतो. नुसत्या नजरेने अंदाज करणारा मनुष्य येथे किती फसू शकेल हे यावरून सहज ध्यानात येईल.

त्यानंतर येते पाण्याच्या गुणाची परीक्षा. कोळशात गंधक व लोह यांचे संयुग असले तर हवा व पाणी यांच्या संयोगाने त्याचे आम्ल बनते. ईशान्येकडील मेघालय-आसामच्या कोळशात गंधक अधिक असल्याने तेथे हे संकट तीव्र आहे. मध्य भारतातील कोळशात गंधक सामान्यतः कमी असते. तथापि पाण्याचा कठीणपणा, त्यात विरघळलेले क्षार, लोह, फ्लोराइड आणि कोळशाची तरंगती भुकटी यांची तपासणी टाळता येत नाही. नाल्याचे पाणी खाणीच्या वरच्या अंगाला आणि खालच्या अंगाला अशा दोन्ही ठिकाणी तपासावे लागते. दोन्हींतील अंतर हाच खाणीचा वाटा. एकाच ठिकाणच्या नमुन्यावरून निवाडा करणे म्हणजे वादीचे म्हणणे ऐकून प्रतिवादीस न बोलावता निकाल देण्यासारखे आहे.

हा न्यायाचा दृष्टान्त मुद्दामच घेतला आहे. समजा, एका गावातील विहीर मे महिन्यात कोरडी पडली. शेतकरी म्हणतो, खाणीने पाणी ओढले. खाणीचा अधिकारी म्हणतो, यंदा पाऊसच कमी झाला. शिवाय गावात नव्या विंधनविहिरी किती झाल्या ते पाहा. दोघेही प्रामाणिक असू शकतात आणि दोघेही चुकत असू शकतात. निर्णय कशाने व्हावा? खाणीच्या प्रभावाबाहेर असलेल्या, त्याच खडकातील एका विहिरीची नोंद जर जवळ असेल तर दोन्ही विहिरी शेजारी मांडून पाहता येतात. दोन्ही सारख्याच उतरल्या असतील तर पावसाकडे बोट जाते. दूरची विहीर स्थिर आणि जवळची मात्र वर्षानुवर्षे खाली जात असेल, आणि तिची उतरण खाणीतील उपशाच्या वाढीशी जुळत असेल, तर खाणीस उत्तर देणे भाग पडते. खालच्या थराचे पाणी उतरले पण वरच्या थराचे नाही, असे दिसले तर विहीर आटण्याचे कारण अन्यत्र शोधावे लागते.

परंतु हा सर्व विचार एका अटीवर शक्य आहे. नोंदवहीचे पहिले पान खाण सुरू होण्यापूर्वीचे असले पाहिजे. तक्रार आल्यानंतर सुरू झालेली नोंद ही रोग बळावल्यानंतर प्रथमच पाहिलेल्या नाडीसारखी असते. निरोगी असताना ती कशी चालत होती हे मग कोणालाच सांगता येत नाही. ज्याच्याजवळ पूर्वीचा आकडा नाही त्याच्याजवळ केवळ आठवण उरते, आणि वादाच्या प्रसंगी गरिबाच्या आठवणीचे वजन फार थोडे भरते.

आता जमिनीखालच्या भयाकडे वळू. ज्या काळी भिलाईच्या कारखान्याचा विचार आकार घेत होता, त्या काळी दुर्ग, छिंदवाडा आणि चांदा हे तिन्ही जिल्हे नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रदेशात होते. १० डिसेंबर १९५४ रोजी छिंदवाडा जिल्ह्यात, पेंच खोऱ्यातील न्यूटन चिखली येथील खाणीत पाणी शिरले आणि ६३ कामगार प्राणांस मुकले. पुढे २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळील चासनाला येथे याहून भीषण प्रसंग ओढवला. जुन्या कामात साठलेले पाणी मधला अडसर फोडून चालू खाणीत कोसळले आणि ३७५ माणसे बुडाली. चासनाल्याची ती खाण ज्या इंडियन आयर्न अँड स्टील कंपनीची होती, ती कंपनी २००६ साली भारतीय पोलाद प्राधिकरणात विलीन झाली. भिलाईचा कारखानाही याच प्राधिकरणाचा आहे. सप्टेंबर १९९५ मध्ये झरिया क्षेत्रातील गजलीटांड येथे पुराचे पाणी खाणीत शिरून ६४ जण दगावले. २ फेब्रुवारी २००१ रोजी बागडिगी येथे २९ जण गेले.

अशा अपघातांत पाणी बहुधा दोन वाटांनी येते. एक वाट वरची : नदी, नाला, तलाव यांची. दुसरी वाट शेजारची : सोडून दिलेल्या जुन्या कामांची. ही दुसरी वाट अधिक फसवी. जुन्या खाणीत पाणी हळूहळू साठत राहते. वर शेत हिरवेगार असते, खाली काळोखात पाण्याचा स्तंभ उंचावत असतो. पन्नास मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ दर चौरस मीटरवर पन्नास टनांचा भार टाकतो. हा भार अडवून धरणारी कोळशाची भिंत किती जाड आहे, हे नकाशावरूनच कळावयाचे. आणि नकाशा अपुरा असेल, जुन्या मालकाने अखेरच्या दिवसांत काढलेला कोळसा त्यावर दाखविला नसेल, तर कागदावर भक्कम असलेली भिंत प्रत्यक्षात पातळ असते.

म्हणूनच १९५७ च्या कोळसा खाण विनियमांनी काही मर्यादा घालून दिल्या. नदी वा जलाशयाच्या खाली आणि त्याच्या काठापासून १५ मीटरांच्या आत परवानगीवाचून काम करावयाचे नाही. खाणीचे तोंड ज्ञात असलेल्या सर्वांत मोठ्या पुराच्या पातळीहून किमान दीड मीटर उंच असावे. आणि पाणी साठल्याचा संभव असलेल्या जुन्या कामापासून ६० मीटरांच्या आत आल्यावर परवानगीशिवाय पुढे जावयाचे नाही. परवानगी मिळाली तरी समोर व दोन्ही अंगांस भोके पाडून, पाण्याचा सुगावा घेत घेतच पाऊल टाकावयाचे. २०१७ साली या विनियमांची जागा नव्या विनियमांनी घेतली, तरी यातील सूत्र बदललेले नाही. हे सूत्र म्हणजे मोजल्यावाचून पुढे जाऊ नये.

मोजमापाचे मोल केवळ संकट टाळण्यापुरते नाही. १३ नोव्हेंबर १९८९ रोजी राणीगंजच्या महावीर खाणीत पाणी घुसले. ७१ कामगार आत अडकले. त्यांपैकी सहा जण बुडाले. उरलेल्या ६५ जणांपर्यंत पोहोचण्यासाठी वरून नेमक्या जागी छिद्र पाडण्यात आले, आणि अभियंता जसवंतसिंग गिल पोलादी कुपीतून स्वतः खाली उतरले. एकामागून एक असे ते ६५ जण सूर्यप्रकाशात परत आले. गिल यांचे धैर्य असामान्यच होते. पण जमिनीवर छिद्राची जागा निश्चित करता आली ती खाणीचा नकाशा व प्रत्यक्ष खाण यांचा मेळ होता म्हणून, हेही विसरता कामा नये.

खाण बंद झाली म्हणजे मोजदादही संपली, असा एक समज आढळतो. तो घातक आहे. पंप थांबला की उतरलेले पाणी पुन्हा चढू लागते. पोकळ्या भरतात, शेजारच्या चालू खाणीवर दाब वाढतो आणि काही ठिकाणी अनपेक्षित जागी झरे फुटतात. म्हणजे मालकाची कमाई जेथे संपते, तेथे नोंदवहीची जबाबदारी वाढते. याची दुसरी बाजू मात्र आशादायक आहे. बंद खाण हा पाण्याचा मोठा साठाही होऊ शकतो. नागपूर जिल्ह्यात पाटणसावंगीच्या भूमिगत खाणीतील पाणी शुद्ध करून ते पिण्यासाठी बाटल्यांतून देण्याचा उपक्रम २०१६ साली वेस्टर्न कोलफील्ड्सने सुरू केला. कोरबा, चिरमिरी वा बल्लारपूर, कोठेही खाणीचे पाणी शेताला, तलावाला किंवा नळाला देता येईल. परंतु ते किती आहे, कसे आहे आणि किती दिवस पुरणार आहे हे सांगणारी वही आधी हवी.

शेवटी प्रश्न राहतो तो या वहीच्या मालकीचा. आज खाणींची निरीक्षणे होतात, अहवाल तयार होतात, ते वरिष्ठ कार्यालयांकडे रवानाही होतात. ज्या विहिरीत फीत सोडली जाते, तिच्या मालकाला मात्र त्या आकड्याचा अर्थ क्वचितच सांगितला जातो. वास्तविक पंचायतीच्या भिंतीवर, गावाच्या भाषेत, वर्षाचे चार आकडे लिहून ठेवण्यास खर्च असा काहीच येत नाही. कोरब्याच्या परिसरात ते छत्तीसगडीत लिहावेत, चंद्रपूरच्या परिसरात मराठीत. शाळेतील मुलांना फीत धरावयास शिकवावे. खाणीवरील कामगारालाही आपल्या कामापासून जुने पाणी किती मीटर दूर आहे हे पाळीवर उतरण्यापूर्वी वाचता आले पाहिजे. असे झाले तर अधिकाऱ्याच्या आकड्यावर गावाची नजर राहील, आणि गावाच्या तक्रारीला आकड्याचा आधार मिळेल.

भिलाईच्या भट्ट्या पेटत्या राहावयास हव्यात. देशाला पोलाद हवेच आहे. कोळसा जोवर लागणार आहे, तोवर खाणीही राहणार. परंतु पोलादाच्या उत्पादनाचा आकडा जसा दररोज लिहिला जातो, तसाच दूरच्या एखाद्या खेड्यातील विहिरीचा मे महिन्याचा आकडाही त्याच काटेकोरपणे लिहिला जावा, आणि तो खाली गेला असेल तर त्याची विचारपूस त्याच दिवशी व्हावी. खडूने माखलेली ती फीत, पाटातील ती खाच आणि जुन्या कामांचा तो खरा नकाशा ही साधने स्वस्त आहेत. ती नियमाने वापरणारा मनुष्य नेमणे आणि त्याने लिहिलेला आकडा, तो गैरसोयीचा असला तरी, मान्य करणे एवढेच आपल्या हाती आहे, आणि तेवढे केले तरी पुष्कळ होण्याजोगे आहे.